गया दारोदार हाक मारायची

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीपची मागची सीट शिवली. शनिवारची संध्याकाळ होती. सीटचं रेग्झीन एका कडंनं फाटल्तं आणि आतली तार वर आल्ती. गयानं रेग्झीन दोन्ही हातांनी ताणून धरलं, मी दाभण घालत होतो. एकदा दाभण तिच्या बोटात गेलं.

"नजर गेली तुमची," ती म्हणली. "गाडी कशी चालवता देव जाणे."

"गाडी नजरंनं न्हाई, सवयीनं चालवतो."

"मंग शिवा की सवयीनं. माझं बोट कशाला शिवता?"

बोट तोंडात घालून तिनं परत रेग्झीन धरलं. सीट शिवून झाल्यावर वरून हात फिरवला, तार लागते का पाह्यलं. म्हणली, "सोमवारी तबस्सुमचा पेपर हाये. पोरीचा ड्रेस फाटायला नको."

जीपमध्ये त्या दिवसांत कुणीच बसत नव्हतं. तबस्सुम पण न्हाई. तरी सीट शिवली.

रविवारी पहाटं गया पाण्याचा हंडा घेऊन उठली, पायरीवर बसली आणि उठलीच न्हाई. मी तिला जीपमध्ये घालून जाफराबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, घरीच गेल्या.

आता शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात, "काका, काकूंवर दोन शब्द लिहून द्या." मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर लावता येतं, पण गोड लिहिता येत न्हाई. आणि दोन शब्दांत बसणारी बाई नव्हती ती. मला जसं येतं तसं लिहून राह्यलो. कुणाला लागलं तर लागू द्या.

आमचं गाव टेंभुर्णीच्या आत हाये. एसटी फाट्यापर्यंत येते, फाटा गावापासून लांब. गावातली शाळा सातवीला संपते. पुढं टेंभुर्णीच्या शाळेत पोरं सायकलवर जायची, पोरी घरी बसायच्या. मी काळीपिवळी जीप चालवायचो, बाजारचे लोक ने-आण करायचो. कुणीतरी म्हणलं, रंगनाथ, पोरी पण नेत जा की. मी म्हणलं नेतो. पण एकाही बापानं पोरगी धाडली न्हाई. तोंडावर कुणी बोललं न्हाई, पण मला समजलं. एकला बाप्या, गाडीत वयात आलेल्या पोरी, कोण धाडणार?

तवा गया म्हणली, "मी बसते मागं."

एवढंच. त्या दिवसापासून ती रोज जीपच्या मागच्या दारापाशी बसली. सकाळी जायची, शाळेच्या बाहेर भाजीवाल्या बाईजवळ दिवस काढायची, संध्याकाळी पोरींसंगं परत. माझ्या शेजारी पुढं कधी बसली न्हाई. म्हणायची, "पुढं बसल्यावर मागचं कोण पाहील?" दाराला कडी होती, पण तिचा कडीवर भरोसा नव्हता. आपला पाय आडवा टाकून बसायची. कुणाला उतरायचं असलं तर आधी तिचा पाय उचलायला लागायचा, आणि गाडी पुरी थांबल्याबिगर ती तो उचलू देत नसे. मी आरशात पाह्यलं की आधी तो पाय दिसायचा, तळव्याला भेगा पडलेला, मंग पोरी.

तिच्यामुळं गावातल्या पोरी दहावी झाल्या. माझ्या गाडीमुळं न्हाई. गाड्या पुष्कळ होत्या.

कुणाला वाटंल आता मी तिला देवी करून राह्यलो. तशी न्हाई ती. तोंडाची फाटकी होती. शिवी दिल्याबिगर तिचं वाक्य पुरं होत नसे. चहात साखर अशी टाकायची जशी सोन्याची हाये. शेजारणीच्या घरात काय शिजलं ते शेजारणीच्या आधी हिला माहीत. आणि आमच्या घरात युनूस पिंजाऱ्याचा कप वेगळा होता. युनूस म्हणजे तबस्सुमचा बाप. गाद्या भरतो, कापूस पिंजतो. दर उन्हाळ्यात आमच्या गाद्या उसवून परत भरून द्यायचा, दिवसभर आमच्या ओट्यावर बसायचा. त्याला चहा खिडकीतल्या कपात. तो पिऊन झाल्यावर आपणच धुवून परत खिडकीत ठेवायचा. त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, कुणी काही म्हणत नसे.

मंग तबस्सुम जीपमध्ये यायला लागली. आठवीत होती. पाण्याची बाटली एकच, सगळ्या पोरी तोंड लावून प्यायच्या. एका उन्हात तबस्सुम प्याली आणि बाटली गयाच्या हातात दिली. गयानं बाटलीकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं, मी आरशात पाह्यलं. मंग तिनं पण तोंड लावलं. पुढं एक दिवस पाहतो तर खिडकीतल्या त्या कपात निरमा भरून ठेवलेला. युनूस आला तेव्हा त्याला आमच्यातलाच कप. त्यानं कप उलटासुलटा करून पाह्यला. गया म्हणली, "काय पाहून राह्यलास? फुटका न्हाई तो. पी."

पोरींना ती नावानं कमी आणि विसरलेल्या वस्तूनं जास्त हाक मारायची. "ये कंपास!" "ये डबा!" भगवानरावची पूजा दर दोन दिवसाला रिबन विसरायची, तिचं नाव रिबन. मंगळसूत्राला सेफ्टी पिनांचा झुपका, कमरंला बटव्यात लिंबू. वळणावर ज्या पोरीला उलटी व्हायची तिच्या नाकाला लिंबू. बसवायची तिची रीत होती. एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक. एकदा एका बाईनं सांगून धाडलं, माझ्या पोरीला अमकीच्या शेजारी बसवू नका. जात काढली. गयानं त्याच दिवशी त्या दोघींना शेजारी बसवलं आणि म्हणली, "ह्या जीपमध्ये जात बसत न्हाई, मांडी बसते. मांडीला मांडी लावा, न्हाई तर पायी या."

शाळेत आज काय शिकवलं ते पोरींनी परतीच्या वाटंला तिला सांगायचं, असा नियम होता. इतिहास आवडायचा, लढाया ऐकायची. भूगोल पटत नसे. तबस्सुमनं एकदा सांगितलं की काकू, पृथ्वी फिरते. गया म्हणली, "फिरती तर टेंभुर्णी आपसूक दारात आली असती. ह्या म्हाताऱ्याला डिझेल कशाला जाळावं लागलं असतं?" पोरी इतक्या हसल्या की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आमच्याकडं भादव्याच्या पुनवंपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात. गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा बंद असतो, आत काय ते ओळखायचं. गोड का तिखट, भाजलेलं का उकडलेलं, असं विचारत जायचं. अभ्यासामुळं पोरींना घरी येळ मिळेना, म्हणून गयानं ते जीपमध्येच चालू केलं. जाताना गाणी, येताना खिरापत. डबा ती रोज घरून भरून आणायची. तो पोरींच्या हातात फिरायचा, आणि ओळखायची कोण? तबस्सुम. कानाजवळ नेऊन एकदा हलवायची आणि सांगायची. "फुटाणे." "न्हाई, फुटाण्यात गूळ हाये." "काकू, आज दाळ्या, पण कालच्या." गयाचा जळफळाट व्हायचा. एकदा आवाज होऊ नये म्हणून तिनं खिरापत फडक्यात बांधून ठेवली. तबस्सुमनं झाकणाचा वास घेतला. "उकडलेलं रताळं."

मंग एक दिवस गयानं डब्यात काहीतरी ठेवलं आणि मला डोळा मारला. पोरींनी हलवला, टणटण वाजला. कुणी म्हणलं सुपारी, कुणी म्हणलं खोबऱ्याची वाटी. तबस्सुमनं हलवला आणि पुढं वाकून मला म्हणली, "काका, गाडी थांबवा. तुमच्या चाकाचा नट हाये ह्याच्यात."

खरंच होता. मी खाली उतरून पाह्यलं तर मागच्या चाकाचा एक नट गायब. गयाला वाटल्तं की पाच हायेत तर एकानं काय होतं. मी तिला त्या दिवशी भर रस्त्यात जे बोललो ते लिहीत न्हाई. ती डब्यातला नट माझ्या हातात देत पोरींना म्हणली, "पाह्यलं का, नवरा नटासाठी कसा रडतो? माझ्यासाठी रडंल का असा?"

पुढच्या वर्षी तबस्सुम दहावीत गेली. तिच्या लग्नापायी युनूसच्या घरात काय चाललं होतं ते आम्हाला माहीत होतं. जालन्याला मस्तगडात तबस्सुमची फुफी राहते. ती एक स्थळ घेऊन आल्ती. पोरगा दुकानात, घर पक्कं, सगळं बराबर. युनूसनं बहिणीला सांगितलं की पोरगी दहावी होऊ दे. फुफी म्हणली, ठीक हाये, शाळा चालू हाये तोवर थांबते. एक दिवस जरी घरी बसली तर मी नेणार. म्हणजे जीप चालू तोवर पोरगी पोरगी, जीप बंद झाली की बायको. गया म्हणायची, "ती एकदा घरी बसली ना, मंग उठायची न्हाई."

आणि त्याच वर्षी हवा बिघडली. कुठं लांब काय झालं ते मला अजून धड समजलं न्हाई. फोनवर यायचं. पोरं पारावर बसून एकमेकांना दाखवायची. गावात आधी झेंडे नव्हते असं न्हाई, पण आता ते मोजून लावल्यासारखे लागले, तुमचा उंच का आमचा उंच. युनूसकडं गाद्या यायच्या कमी झाल्या. आधी लोक म्हणायचे, यंदा न्हाई, पुढच्या साली. मंग ते पण म्हणायचे बंद झाले.

तशात भुलाबाईचे दिवस आले. एक दिवस जीपमध्ये तबस्सुम मोठ्यानं गाणं म्हणत होती, तिचा गळा चांगला. पूजाजवळ तिच्या भावाचा फोन होता. तिनं शूटिंग घेतलं. गाणं, मंग खिरापत, तबस्सुम डबा कानाशी धरून, सगळ्या पोरी खिदळून राह्यल्या, मागं गयाचा आडवा पाय. पूजानं ते स्टेटसला ठेवलं आणि खाली लिहिलं, माझी मैत्रीण. पोरीच्या मनात पाप नव्हतं. मैत्रिणीचं कौतुक करायला गेली.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. खालचं पूजाचं वाक्य कुणीतरी काढून टाकलं आणि आपापलं लिहिलं. आमच्यातल्या पोरांनी लिहिलं, देवीचा प्रसाद कुणाच्या हातात दिला पाहा. त्यांच्यातल्यांनी लिहिलं, आपल्या बच्चीकडून काय गाऊन घेतलं पाहा. शूटिंग तेच. दोन्हीकडं आग.

दिवे लागायच्या येळंला पूजाचा बाप भगवानराव आला. गावातला मोठा माणूस, दोन येळा सरपंच. ओट्यावर बसला, चहा घेतला.

"वहिनी, तुमच्याबद्दल गावाला आदर हाये. पण उद्यापासून ती पोरगी गाडीत नको."

"का? गजकर्ण झालं का तिला?"

"तुम्हाला समजून राह्यलं मी काय म्हणतो ते."

"न्हाई समजलं. मी अडाणी हाये. उकलून सांगा."

"आपल्या पोरी, आपलं देवाचं... त्यात ती कशाला?"

"भगवानराव, तुमच्या पूजाला गणित तीच शिकवते रोज येताना. ते बी नासलं का मंग? धुवून घ्या."

भगवानराव कप ठेवून उठला. तो फाटकाबाहेर गेला न गेला तर मशिदीकडचे हाजीसाब आले. म्हातारे, सभ्य माणूस. उभ्यानंच म्हणले, "भाभी, आपने ठीक नहीं किया. बच्ची तुमच्या भरोशावर धाडली होती. पूजापाठात घेतलं तुम्ही तिला."

गया म्हणली, "पूजापाठ? रताळं ओळखलं तिनं, हाजीसाब." मंग भगवानरावच्या पाठीकडं बोट केलं. "तुम्ही दोघं बरोबर आला असता तर चहा एकदाच टाकला असता. म्हणणं तर एकच हाये."

आणि खरं होतं. हे गाव मी जन्मल्यापासून कधी एक झालेलं पाह्यलं न्हाई, पाण्याच्या टँकरला पण न्हाई. पण एका पोरीला गाडीतून खाली उतरवायला दोन्ही बाजू एका संध्याकाळी एक झाल्या.

सकाळी मी विचारलं, काय करायचं? ती म्हणली, "काय म्हणजे? गाडी काढा."

रोजच्या रस्त्यानं गेलो. रोज मी दारापुढं हॉर्न वाजवायचो आणि पोरगी पळत यायची. त्या दिवशी हॉर्नला कुणी आलं न्हाई. तर ही खाली उतरली आणि हाका मारायला लागली. ये रिबन, ये कंपास, ये डबा. एक दार उघडलं न्हाई. भगवानरावच्या पुतण्यानं नवी गाडी लावल्ती, पोरी तिच्यात गेल्या. त्या गाडीत पण एक बाई बसवल्ती मागं, गयासारखीच. पाह्यलं ना, रीत आमचीच चोरली.

युनूसच्या दारातून तबस्सुम आली. तिला घेऊन आम्ही गेलो. एवढी मोठी जीप, एक पोरगी, एक म्हातारी. असे काही दिवस गेले. मंग मोटारसायकलवर पोरं जीपच्या मागं यायला लागली. काही करत नव्हती, हॉर्न वाजवायची, घोषणा द्यायची, शेजारून आत डोकवायची. गयानं एकाला ओळखलं आणि ओरडली, "तुझ्या आईचं बाळंतपण मी केलं रे, मुडद्या! पायाळू जन्मलास, परत ढकलायला पाह्यजे होतं!" तो हसला. पण तबस्सुम रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली, पण दप्तर नव्हतं.

"काकू, उद्यापासून हाक मारू नका."

"का गं?"

"अब्बा आत बसून असतात. तुम्ही हाक मारली की भिंतीकडं तोंड करतात. त्यांना लाज वाटते."

गया म्हणली, "वाटू दे. मला तीच पाह्यजे."

आणि ती थांबली न्हाई. रोज सकाळी रिकामी जीप, रोज तोच रस्ता, दारोदार हाक. लोकांना आधी राग आला, मंग हसू आलं. म्हणले, म्हातारीचं डोकं फिरलं. आमचा दिलीप वाळूजला कंपनीत असतो, त्याला कुणीतरी फोन केला. त्यानं मला फोन केला, "बाबा, आईला आवरा. तुम्हाला तिथंच राह्यचं हाये." मी फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणली, "दिल्या, तुझी पोरगी कितवीत हाये?" त्यानं सांगितलं. "शाळंची गाडी दारात येते ना? मंग तू बोलू नको," म्हणली आणि फोन माझ्या हातात दिला.

युनूसनं बहिणीला अजून कळवलं नव्हतं. पण सहामाहीचे पेपर आल्ते. पेपरला पोरगी न्हाई म्हणल्यावर शाळंतून विचारणा झाली असती, आणि मंग मस्तगडाची फुफी काय थांबते? गयानं युनूसच्या दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "सोमवारी पेपर हाये. मी येणार. पोरगी आंघोळ करून तयार पाह्यजे. न्हाई तर मी इथंच बसणार, तुझ्या कापसात." आतला पिंजायचा आवाज थांबला तेवढाच.

शनिवारी सकाळी पण आम्ही रिकामी जीप घेऊन टेंभुर्णीला गेलो आणि आलो. येताना मी आरशात पाह्यलं. मागं एकलीच बसलेली, पाय दाराला आडवा, उतरणारं कुणी न्हाई तरी. मांडीवर खिरापतीचा डबा. कोजागिरी होऊन गेल्ती, तरी डबा संगं होता. माझं पाहणं तिनं पाह्यलं. डबा हलवला न्हाई, तसाच वर धरला.

"ओळखा."

"फुटाणे."

"हुकलं."

"मंग?"

"काही न्हाई. रिकामा हाये." आणि खिडकीतून बाहेर पाहत राह्यली, सोयाबीन निघालेल्या उघड्या रानाकडं.

आरशात तिला मी तशी पाह्यलेली ती शेवटची. दुसऱ्या पहाटंची मी पाह्यलेली म्हणत न्हाई, ती गया नव्हती.

रविवारी दुपारी दिलीप आला. अंगणात सगळं गाव जमा झालं. ज्या बायांनी दारं लावल्ती त्याच ओटी भरायला आल्या. सवाष्ण गेली, भाग्याची म्हणल्या. हिरवं पातळ, मळवट, सगळं केलं. जीपच्या पोरी ओट्यावर बसून रडत होत्या. पूजा तर हुंदके देऊन राह्यली होती. तिच्यावर माझा राग न्हाई. तबस्सुम आणि तिची आई फाटकाबाहेर उभ्या होत्या. आत या असं कुणी म्हणलं न्हाई, आणि मी त्या येळंला म्हणायच्या हालात नव्हतो.

तिरडी उचलताना भगवानराव पुढं आला. टोपी काढली. लोकांना ऐकू जाईल असं म्हणला, "गयावहिनीनं गावाच्या लेकींसाठी आयुष्य घातलं." आणि खांदा द्यायला वाकला.

मी म्हणलं, "तू खांदा देऊ नको."

"रंगनाथ..."

"रोज सकाळी तुझ्या दारात उभी राहून हाका मारत होती. जिती होती तवा दार उघडलं न्हाईस. आता मेल्यावर उचलायला आलास? सरक."

दिलीप माझा हात धरून म्हणला, "बाबा, लोक पाहून राह्यलेत." मी म्हणलं, पाहू दे. भगवानराव सरकला. मागच्या खांद्याला दुसराच कुणी लागला. गल्लीच्या टोकाला युनूस उभा होता. तो पुढं आला न्हाई आणि मागं पण गेला न्हाई. तिरडी जवळून गेली तशी त्यानं मान खाली घातली. मला त्याचा पण राग आला. भगवानरावाएवढाच आला. लिहायचं म्हणून सांगतो.

आमच्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी राख सावडतात. सोमवारी उजाडता उजाडता भावकी ओट्यावर जमायला लागली. दिलीपनं दूध, गोमूत्र, गाडगं सगळं काढून ठेवलं. मी मागल्या दारानं निघालो आणि जीप काढली. दिलीप पळत आला, "बाबा, कुठं? सुतक हाये."

"सुतक मला हाये. पेपरला न्हाई."

युनूस दारातच होता.

"पोरीला काढ बाहेर."

"काका, तुम्ही आज... तुमच्या घरी..."

"माझ्या घरचं मी पाहीन. पोरीला काढ."

"काकू न्हाईत आता. एकली पोरगी तुमच्यासंगं कशी धाडू? तुमच्यावर भरोसा न्हाई असं न्हाई, पण लोक..."

पहिल्या दिवशी बापांनी तोंडावर न बोललेलं हा तोंडावर बोलला. ते खरं पण होतं. मी जीपला टेकून उभा राह्यलो. कालपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

आतून तबस्सुमची आई आली. बुरखा घालूनच आली, म्हणजे आमचं बोलणं आतून ऐकत होती. तिच्या मागं तबस्सुम, शाळेच्या ड्रेसात. ओले केस. आंघोळ झाल्ती. युनूसनं बायकोचा हात धरला.

"हाजीसाबको क्या बोलूं मैं?"

"बोलो, बीवी साथ में गई." तिनं हात सोडवून घेतला. मला म्हणली, "चलो, भाईसाब. देर हो रही है."

दोघी मागं बसल्या. पारावरून गेलो, पोरं होती, एकानं मोबाइल वर धरला. फाट्यावर भगवानरावच्या पुतण्याची गाडी आमच्या पुढं निघून गेली. पोरींनी काचांना नाकं लावली. पूजानं हात वर केला आणि कुणीतरी तो खाली ओढला.

शाळेच्या फाटकात तबस्सुम उतरली आणि आत पळाली. तिची आई तिथंच भिंतीला पाठ लावून बसली. मी जीपमध्ये बसलो. दिलीपचे फोन येऊन राह्यले. एक उचलला. म्हणला, "बाबा, लोक स्मशानात जाऊन बसलेत. ऊन चढून राह्यलं."

"बसू दे."

"राख..."

"राख कुठं पळून जाते का?"

बराच येळ झाल्यावर घंटा झाली. तबस्सुम सगळ्यांच्या शेवटी आली. मी विचारलं, "कसा गेला?"

"अवघड होता, काका. एक प्रश्न राह्यला."

"उद्या कशाचा हाये?"

"गणित."

"उद्या ह्याच टायमाला तयार राह्य."

तिच्या आईनं होकाराची मान हलवली. दोघींना दारात सोडलं, आणि मंग राख सावडायला गेलो.